निर्वानाचा 'इन यूटेरो' मुद्दाम खडबडीत केला होता का?

उडती_तबकडी (धागाकर्ता)

हल्ली ऑफिसला जाता-येता गाडीत 'इन यूटेरो' सुरू आहे आणि डोक्यात एक किडा वळवळतोय. तो इथे सोडतो, तुम्ही सांभाळा.

ज्यांना या भानगडीची कल्पना नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: निर्वाना हा अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातला तिघांचा बँड. कर्ट कोबेन, क्रिस्ट नोव्होसेलिक आणि ड्रम्सवर डेव्ह ग्रोल. १९८९ चा 'ब्लीच' ६०६ डॉलरांत रेकॉर्ड झाला होता (तेव्हा ड्रमर वेगळा होता). मग २४ सप्टेंबर १९९१ ला 'नेव्हरमाइंड' आला. कंपनीला एवढी कमी अपेक्षा होती, की अमेरिकेत पहिल्या खेपेला ५० हजारही प्रती काढल्या नव्हत्या. जानेवारी १९९२ मध्ये त्याच अल्बमने मायकेल जॅक्सनच्या 'डेंजरस'ला पहिल्या नंबरवरून खाली खेचलं. गावातल्या क्लबात वाजवणारी पोरं चार महिन्यांत जगभर माहीत झाली.

आता पुढचा अल्बम काय असेल याकडे सगळ्यांचे डोळे. सप्टेंबर १९९३ मध्ये 'इन यूटेरो' आला. ड्रम्स अंगावर येतात, गिटार करवतीसारखी, मधेच किंकाळ्या. एका गाण्याचं नावच 'रेडिओ फ्रेंडली युनिट शिफ्टर', म्हणजे कंपनीची उघड टिंगल. पहिल्याच गाण्याच्या पहिल्या ओळीत स्वतःच्या प्रसिद्धीवर टोमणा.

माझं मत: हा अल्बम नव्याने गोळा झालेल्या गर्दीला हाकलण्यासाठी केला होता. 'नेव्हरमाइंड' फारच चकचकीत झाला, पंकपेक्षा मोटली क्रू या चकाचक मेटल बँडच्या रेकॉर्डच्या जवळ गेला, असं कोबेन स्वतःच म्हणाला होता. तुम्हाला काय वाटतं?

---

गवती_चहा

पॉपकॉर्न घेऊन बसले आहे. नव्वदीतली मुलं आता एकेक करून येतील आणि 'आमच्या काळी' म्हणतील.

---

सदा_बेसूर

आमच्या काळी (घ्या, गवती_चहा) हा अल्बम माझ्या हातात आला तो फाउंटनच्या फुटपाथवरच्या कॅसेटच्या रूपात. कव्हर म्हणजे कलर झेरॉक्स, पंख लावलेली ती पारदर्शक बाई अर्धी हिरवी, अर्धी जांभळी. बी साइडला शेवटचं गाणं अर्ध्यात कापलेलं, कारण टेप संपली. 'ऑल अपॉलॉजीज' हे गाणं असं एकदम थांबतं अशीच माझी कित्येक वर्षं समजूत होती, आणि ते मला फार थोर वाटायचं.

मूळ प्रश्नाबद्दल: मुद्दाम असो की नसो, 'नेव्हरमाइंड' ऐकलेल्या आमच्या हॉस्टेलच्या मजल्यावर या कॅसेटला फार गिऱ्हाईक नव्हतं. कॉलेजच्या फेस्टमध्ये सगळे बँड 'नेव्हरमाइंड'मधलं 'टीन स्पिरिट' वाजवायचे. 'मिल्क इट' वाजवलेला एकही आठवत नाही.

---

खालचा_सा

भावा, 'मिल्क इट' वाजवला असता तर प्रिन्सिपलनं लाइट घालवली असती.

---

दादर_रेकॉर्डिस्ट

धागाकर्त्याच्या मूळ गृहीतकाशी असहमत. जरा लांबण लावतो, कारण पोट याच धंद्यावर आहे.

तुम्ही ज्याला 'खडबडीत' म्हणताय तो आवाज खराब केलेला नाही, उलट तो फार काळजीपूर्वक पकडलाय. 'नेव्हरमाइंड'चा रेकॉर्डिंग प्रोड्युसर बुच विग. त्याने कोबेनचा आवाज दोन-दोनदा घेऊन एकमेकांवर चढवला. कोबेन त्याला तयार नसायचा, तेव्हा 'जॉन लेनननेही हेच केलं होतं' असं सांगून विग त्याला पटवायचा. मग मिक्सिंगला अँडी वॉलेस बसला. त्याने डिजिटल रिव्हर्ब (यंत्राने आणलेला घुमारा) घातला, किक आणि स्नेअर या ड्रम्सना आधी रेकॉर्ड केलेल्या ठोक्यांचा, म्हणजे सँपलचा टेकू दिला. म्हणून त्या अल्बमचा आवाज लाटेसारखा येतो आणि कुठे काही टोचत नाही.

'इन यूटेरो'ला स्टीव्ह अल्बिनी. हा गडी स्वतःला प्रोड्युसर म्हणवूनच घ्यायचा नाही, 'रेकॉर्डेड बाय' एवढंच श्रेय घ्यायचा. त्याची पद्धत अशी, की बँड एका खोलीत उभा राहून जसा वाजतो तसाच टेपवर उतरला पाहिजे. ड्रम्सभोवती जवळचे, लांबचे ढीगभर माइक. रिव्हर्ब हवा असेल तर खऱ्या खोलीचा. 'व्हेरी एप' आणि 'टुरेट्स'साठी ग्रोलचा ड्रमसेट उचलून स्टुडिओच्या किचनमध्ये नेऊन मांडला, कारण तिथे घुमारा चांगला मिळत होता! हेडफोन लावून 'व्हेरी एप' ऐका आणि मग तेच ड्रम्स 'डम'मधल्या ड्रम्सशी ताडून बघा. खोली बदललेली कानाला कळते.

आता अल्बिनीच का? इथे लोक बंडखोरी शोधतात. अहो, कोबेनच्या सर्वांत लाडक्या रेकॉर्ड्सपैकी एक पिक्सीजचा 'सर्फर रोझा' (१९८८), दुसरा ब्रीडर्सचा 'पॉड' (१९९०). दोन्ही अल्बिनीने केलेले. 'टीन स्पिरिट' लिहिताना आपण पिक्सीजची नक्कल करायला बघत होतो, हे कोबेनने उघड कबूल केलंय. म्हणजे माणसाला जो आवाज आधीपासून आवडत होता, तो परवडायला लागल्यावर त्याने विकत घेतला. यात गर्दीला हाकलण्याचा काय संबंध?

---

उडती_तबकडी

दादर_रेकॉर्डिस्ट, किचनची गोष्ट माहीत नव्हती, झकास. पण 'परवडायला लागल्यावर विकत घेतला' म्हणता, तर अल्बिनी स्वस्तात मिळाला की महागात?

---

दादर_रेकॉर्डिस्ट

१ लाख डॉलर, एकरकमी. शिवाय स्टुडिओचे साधारण २४ हजार. पण खरी गंमत पुढेच आहे. त्याने रॉयल्टी घ्यायला नकार दिला. काम हातात घेण्यापूर्वी बँडला चार पानी पत्र लिहिलं, त्यात सांगितलं की मला प्लंबरसारखे पैसे द्या, काम झालं की हिशेब मिटला. गाणी बँडची, विकत घेणारे बँडचे चाहते, मग मी जन्मभर टक्का कशाला खाऊ? प्रोड्युसरचे पॉइंट, म्हणजे विक्रीतला टक्का, ठरलेले असतात, आणि या रेकॉर्डवर ते काही लाख डॉलर सहज झाले असते. त्याने सोडले.

आमच्या लाइनीत एवढं सोडणारा माणूस मी तरी पाहिला नाही. इथे दोन तासांच्या डबिंगचे पैसे सहा महिन्यांनी येतात, तेही निर्माता लिफ्टमध्ये सापडला तर. ७ मे २०२४ ला अल्बिनी गेला तेव्हा आमच्या ग्रुपवर ते पत्रच फिरत होतं.

---

मावशी_ठाणेकर

माझा मुलगा हा अल्बम लावायचा तेव्हा मी स्वयंपाकघरातून धावत यायचे. वाटायचं, मिक्सरमध्ये चमचा राहिला. आज कळतंय, ते खरंच किचनमध्येच वाजवत होते!

---

खालचा_सा

मावशी, हा प्रतिसाद धाग्याच्या वर चिकटवून ठेवा.

---

बर्फाळ_कुलकर्णी

मिनेसोटाहून हजेरी. हे रेकॉर्डिंग झालं तो पॅकिडर्म स्टुडिओ आमच्याकडेच. मिनियापोलिसपासून गाडीने तासाभराच्या आत कॅनन फॉल्स नावाचं गाव आहे, त्याच्या बाहेर झाडीत. महिना फेब्रुवारी १९९३. इथला फेब्रुवारी ज्यांनी पाहिलाय त्यांना कळेल, की माणूस आत बसून काम करण्यापलीकडे काहीही करू शकत नाही. जागा निवडणारा हुशार होता.

बुकिंग 'सायमन रिची ग्रुप' या नावाने केलं होतं, म्हणजे कुणाला पत्ता लागू नये. सेक्स पिस्टल्सच्या सिड व्हिशसचं खरं नाव ते. बरेचसे बेसिक ट्रॅक सहाएक दिवसांत उरकले, सगळं मिळून दोन आठवडे. फावल्या वेळात फोनवरून लोकांच्या खोड्या काढणं चालू होतं. आत्मनाशाच्या गर्तेत वगैरे गेलेल्या बँडचं वर्णन वाटत नाही हे.

---

नाही_पटत

बरं झालं विषय निघाला. धागाकर्ते, तुमच्या थिअरीला सरळ तारखांनीच सुरुंग लागतो.

'इन यूटेरो' हा यशावरचा राग आहे असं धरलं, तर त्यातली गाणी यशानंतरची हवीत. आता बघा:

'डम' १९९० मध्येच तयार होतं, त्या वर्षी कोबेनने ते रेडिओवर एकट्याने वाजवलंय. 'पेनीरॉयल टी' सुद्धा १९९० चं. 'ऑल अपॉलॉजीज' सिअ‍ॅटलच्या स्टुडिओत १ जानेवारी १९९१ ला रेकॉर्ड झालं होतं. 'रेप मी' १९९१ च्या उन्हाळ्यात स्टेजवर वाजत होतं. म्हणजे 'नेव्हरमाइंड' दुकानात यायच्या आधी.

अल्बममधली जी गाणी लोकांच्या तोंडी आहेत त्यांतली चार तर ही झाली. चारही लिहिली तेव्हा हा माणूस कंगाल होता. प्रसिद्धीने पिडलेला कलावंत वगैरे कथा नंतर चिकटवल्या.

---

गवती_चहा

हे मात्र जोरदार. पॉपकॉर्न खाली ठेवलं.

---

उडती_तबकडी

नाही_पटत, तारखा मान्य. पण गाणं कधी लिहिलं आणि अल्बममध्ये कसं वाजवून ठेवलं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 'सर्व्ह द सर्व्हंट्स', 'मिल्क इट', 'रेडिओ फ्रेंडली'चं नाव, 'फ्रान्सिस फार्मर' या नटीवरचं गाणं, हे यशानंतरचंच. आणि जुनी गाणी शेवटी-मधे पेरून, सुरुवातीला 'सेंटलेस अ‍ॅप्रेंटिस'सारखा धोंडा दुसऱ्याच नंबरावर ठेवणं, हा निर्णय १९९३ चाच ना? ज्याला गर्दी हवी असते तो दुसरं गाणं असं ठेवत नाही.

---

नागपुरी_संत्रं

काय बे, 'सेंटलेस'ले धोंडा म्हणतोस? त्यातला रिफ ग्रोलचा हाय. तिघांनी मिळून बनवलेलं गाणं, पॅट्रिक झ्युसकिंडच्या कादंबरीवरचं, जिच्यातल्या नायकाले स्वतःचा वासच नसते. ड्रम्सची ती सुरुवात ऐकून माह्या शेजाऱ्यानं खिडकी लावली होती, तेवढ्यासाठी तरी अल्बमले दहापैकी दहा.

---

सदा_बेसूर

अवांतर: पण तुलना करायचीच तर त्याच शरद ऋतूत पर्ल जॅमचा 'व्हर्सस' आला, १९ ऑक्टोबर १९९३. तोही प्रचंड गाजलेल्या अल्बमनंतरचा. त्यांनी व्हिडिओच करायचे नाहीत असं ठरवलं. म्हणजे खरी प्रसिद्धीकडे पाठ यांनी फिरवली. आणि विक्री? पहिल्या पाच दिवसांत साडेनऊ लाख, तेव्हाचा विक्रम. 'इन यूटेरो' पहिल्या आठवड्यात १ लाख ८० हजार. पहिला नंबर दोघांनाही मिळाला, पण फरक बघा.

---

नाही_पटत

सदा काका, पर्ल जॅमने व्हिडिओ केले नाहीत, पण गाणी सोपी ठेवली. निर्वानाने 'हार्ट-शेप्ड बॉक्स'चा व्हिडिओ केला, तोही अँतॉन कॉर्बेनकडून, भरपूर रंगीत. अमेरिकेत मात्र गाण्याचं सिंगल दुकानात आणलंच नाही, रेडिओपुरतं ठेवलं, म्हणजे लोकांना अख्खा अल्बमच घ्यावा लागेल. गर्दी हाकलणाऱ्या माणसाला हे धंद्याचं गणित कशाला हवंय?

---

जुना_रॉकर

विषय निघालाच आहे तर यशानंतरच्या अल्बमांचा इतिहास काढूया. फ्लीटवुड मॅकने 'रूमर्स'नंतर १९७९ मध्ये 'टस्क' काढला. दुहेरी अल्बम, खर्च दहा लाख डॉलरांच्या वर, आणि विद्यापीठाच्या बँडला डॉजर स्टेडियममध्ये उभं करून रेकॉर्ड केलेलं शीर्षकगीत. कंपनीने कपाळावर हात मारला. ओएसिसने १९९७ मध्ये उलट केलं, 'बी हिअर नाउ' म्हणजे सगळंच जास्त. गिटारांचे थरावर थर, एक गाणं नऊ मिनिटांच्या वर. इंग्लंडमध्ये पहिल्याच दिवशी चार लाखांवर खप. आज नोएल गॅलेगरच त्याला नावं ठेवतो. स्टोन रोझेसने तर पाच वर्षं लावली, १९८९ ते १९९४, आणि तोवर वऱ्हाड घरी गेलं होतं.

माझ्या मते यात तीनच जाती: तेच पुन्हा करणारे, तेच फुगवून करणारे आणि जाणूनबुजून वेगळं करणारे. निर्वाना तिसऱ्या जातीतला.

---

गवती_चहा

चौथी जात: पुढचा अल्बमच न काढणारे. यांना कुणी नावं ठेवत नाही.

---

पोपटी_पोलो

'सैराट'नंतर अजय-अतुलकडून लोकांना प्रत्येक सिनेमात 'झिंगाट' हवं होतं, तसंच ना हे?

---

मावशी_ठाणेकर

पोपटी_पोलो, आमच्या सोसायटीच्या गणपतीत अजून हवं असतं. दर वर्षी.

---

रेवती_म

इतका वेळ कुणी 'रेप मी'कडे वळेना, म्हणून लिहिते. नाव ऐकून बरेच जण दचकतात आणि ते स्वाभाविक आहे. गाणं अत्याचार सहन केलेल्या बाईच्या तोंडचं आहे आणि अत्याचार करणाऱ्याला सुनावणारं आहे, हे कोबेनने पुन्हा पुन्हा सांगितलं होतं. तरी १९९२ च्या एमटीव्हीच्या पुरस्कार सोहळ्यात वाहिनीने ते वाजवू दिलं नाही. स्टेजवर गेल्यावर त्याने सुरुवातीचे दोन-चार बार वाजवले, आयोजकांच्या काळजाचा ठोका चुकवला आणि मग मुकाट्याने 'लिथियम' सुरू केलं.

पण माझा मुद्दा दुसरा आहे. वॉलमार्ट आणि केमार्ट या अमेरिकेतल्या मोठ्या दुकानसाखळ्यांनी हा अल्बम ठेवायला नकार दिला. मागच्या कव्हरवर गर्भांचे मॉडेल्स, हाडं, लिलीची फुलं असा पसारा आहे. तो कोबेनने घरातल्या जमिनीवर स्वतः मांडला होता. मार्च १९९४ मध्ये दुकानांसाठी वेगळी आवृत्ती निघाली: चित्र सौम्य, आणि यादीत 'रेप मी'चं नाव 'वेफ मी'. गाणं आत तेच. आणि याला बँडने होकार दिला. कारण काय सांगितलं? लहान गावातल्या पोरांना दुसरीकडे कुठे रेकॉर्ड मिळत नाही, आम्हीही तिथूनच घ्यायचो.

'उडती_तबकडी', ज्याला श्रोते नको आहेत तो आपल्या गाण्याचं नाव बदलू देईल?

---

उडती_तबकडी

रेवतीताई, हा मुद्दा टोचला. विचार करतोय.

---

पावसाळी_सिअ‍ॅटल

केमार्टचं बरोबर आहे. कोबेनचं गाव अ‍ॅबरडीन, आमच्यापासून दोन-अडीच तासांवर, समुद्राकडे. लाकडाच्या धंद्यावर जगलेलं आणि तो धंदा बसल्यावर बसलेलं गाव. वेशीवरच्या स्वागताच्या पाटीवर त्याच्याच गाण्याची ओळ टाकली आहे. मी गेले तेव्हा पाऊस, मुख्य रस्त्यावर निम्मी दुकानं बंद. अशा ठिकाणी वाढलेल्या मुलासाठी मोठ्या दुकानातली कॅसेट म्हणजे काय असेल, ते तिथे गेल्यावर समजतं.

सिअ‍ॅटलमध्ये तो शेवटी ज्या घरात राहायचा त्याच्या शेजारी व्हिरेटा पार्क म्हणून छोटी बाग आहे. तिथला बाक माणसांनी अक्षरांनी भरून टाकलाय. पोर्तुगीज, जपानी, रशियन, सगळं काही. देवनागरी शोधून पाहिली, मिळाली नाही. (मी काही कोरलं नाही, दिवे घ्या. इथे दंड होतो.)

---

शांत_बसा

तुम्ही सगळे सोयीस्करपणे टाळताय, म्हणून बोलतो. एप्रिल १९९४ मध्ये त्याने स्वतःला संपवलं. अल्बमचं आधी ठरलेलं नाव काय होतं ते शोधा: स्वतःचा तिटकारा आणि मरायची इच्छा, सरळ शब्दांत. हा अल्बम म्हणजे निरोप आहे. बाकी माइक आणि किचन सगळं गौण.

---

दादर_रेकॉर्डिस्ट

शांत_बसा, हे वाचन मला कायम खटकतं. ते नाव म्हणजे स्वतःवरचा काळा विनोद होता, असं त्याने स्वतः सांगितलंय. लोक आपल्याला सतत रडका समजतात त्याची टर. नोव्होसेलिकने नाव बदलायला लावलं, कोर्टकचेरीची भीती होती. मग 'व्हर्स कोरस व्हर्स' आलं, शेवटी त्याची बायको कोर्टनी लव्ह हिच्या एका कवितेतून 'इन यूटेरो'. शेवट आपल्याला आधीच माहीत आहे म्हणून प्रत्येक ओळीत तोच दिसतो. आजार, व्यसन, सगळं खरं होतं. पण सहा दिवसांत गाणी उरकून फोनवर टवाळी करणाऱ्या तिघांना आपण नंतरच्या बातमीवरून वाचतो, हे त्यांच्यावर अन्याय आहे.

---

शांत_बसा

तुमचा मान राखून, पटलं नाही. 'मिल्क इट'चे शब्द नीट वाचा. थांबतो.

---

रेवती_म

दोघांचंही थोडं थोडं खरं असू शकतं. पण शांत_बसा, या विषयावर 'निरोप' वगैरे शब्द जपून वापरूया. इथे वाचणाऱ्यांपैकी कुणाची रात्र कशी चालली आहे, आपल्याला माहीत नसतं.

---

शांत_बसा

हे मान्य, ताई.

---

जुना_रॉकर

अजून कुणी कंपनीच्या भांडणाबद्दल बोललं नाही! एप्रिल १९९३ मध्ये 'शिकागो ट्रिब्यून'मध्ये छापून आलं, की गेफनला, म्हणजे निर्वानाच्या रेकॉर्ड कंपनीला, हा अल्बम प्रकाशित करण्याजोगा वाटत नाही. मग 'न्यूजवीक'नेही तेच उचललं. बँडने चिडून 'बिलबोर्ड'मध्ये पानभर खुलासा छापला, की कुणीही आमच्यावर दबाव आणलेला नाही. आणि मग गंमत: दबाव नाही म्हणत दोन गाणी स्कॉट लिटकडून पुन्हा मिक्स करून घेतली. 'हार्ट-शेप्ड बॉक्स' आणि 'ऑल अपॉलॉजीज'. लिट म्हणजे आर.ई.एम. या बँडचा प्रोड्युसर, रेडिओला काय चालतं ते कळणारा.

तर्री कमी करून दिलेली मिसळ आहे ती. गिऱ्हाईक खूश, मालक म्हणतो आम्ही काही बदललं नाही.

---

दादर_रेकॉर्डिस्ट

अर्धं बरोबर. पण कुरकुर कंपनीचीच नव्हती. घरी नेऊन ऐकल्यावर बँडलाच वाटलं, की आवाज आणि बेस मागे पडलेत. अल्बिनीला पुन्हा मिक्स करशील का विचारलं, तो नाही म्हणाला, याहून बरं होणार नाही म्हणे. मग बॉब लडविगने मास्टरिंगमध्ये, म्हणजे शेवटचा हात फिरवताना, बरंच सावरलं, आणि ती दोन गाणी लिटकडे गेली. 'हार्ट-शेप्ड बॉक्स'मध्ये तेव्हा कोबेनने स्वतः अकूस्टिक गिटार आणि मागचा दुसरा आवाज वाढवला. नोव्होसेलिकला मूळ मिक्समधल्या सोलोवरचा तो डुगडुगणारा इफेक्ट सहन होत नव्हता. अल्बिनी चिडला, आणि त्यानंतर काही काळ मोठ्या कंपन्यांनी त्याला काम दिलं नाही असं तो सांगायचा. म्हणजे सगळ्यांत जास्त किंमत मोजली ती रॉयल्टी न घेतलेल्या माणसाने.

---

नाही_पटत

आणि यातच उत्तर आहे की. दुसऱ्या आवाजाची साथ कोबेननेच वाढवली. हाकलणारा माणूस साथ वाढवत नाही.

अजून एक पुरावा. १८ नोव्हेंबर १९९३, न्यूयॉर्क, एमटीव्ही अनप्लग्ड, म्हणजे वाहिनीची अकूस्टिक मैफल. नवीन अल्बममधली तीन गाणी घेतली: 'डम', 'पेनीरॉयल टी', 'ऑल अपॉलॉजीज'. ड्रम्सवर ब्रश, लोरी गोल्डस्टनचा चेलो, 'पेनीरॉयल टी'ला तर कोबेन एकटाच. सगळा गोंगाट काढून टाकल्यावर खाली काय उरलं? नुसत्या चाली. त्या चाली आधीपासून तिथेच होत्या. अल्बमवरही 'डम' आणि 'ऑल अपॉलॉजीज'मध्ये केरा शेलीचा चेलो आहे. पळवून लावायच्या रेकॉर्डवर चेलो?

---

नागपुरी_संत्रं

चेलो वाजवून पळवून लावलेले लोक मी पाह्यले हायत. मेव्हण्याच्या लग्नात.

---

उडती_तबकडी

मंडळी, मूळ प्रश्नावर परत येतो.

हाकलण्यासाठी केला, हे आता मी म्हणणार नाही, रेवतीताईंच्या केमार्टने तो मुद्दा खाल्ला. पण 'आवडता आवाज विकत घेतला, एवढंच' हेही मला पुरत नाही. १९९१ मध्ये त्याच बँडला विग-वॉलेसचा आवाज चालला होता, सुरुवातीला कोबेन खूशही होता. तीन कोटींच्या घरात लोकांनी तो घेतल्यावर त्यांना तो नकोसा झाला. गाणी जुनी, चाली जुन्या, श्रोतेही हवेत, फक्त मधली पॉलिश नको. मला वाटतं त्यांनी श्रोते बदलले नाहीत, श्रोत्यांनी गाण्याच्या किती जवळ उभं राहायचं ते बदललं. आणि खप निम्म्यावर, दीड कोटींच्या आसपास आला, तरी तो दीड कोटी आहे.

---

खालचा_सा

मालक, निम्म्यावर येऊन दीड कोटी. आमच्या बँडच्या सीडी अजून माळ्यावर आहेत, अडीचशेच्या अडीचशे.

---

सदा_बेसूर

खालचा_सा, एक इकडे पाठव. शेवटचं गाणं कापून पाठव म्हणजे मला सवयीचं वाटेल.

---

गवती_चहा

एवढं वाचून आता ऐकायची इच्छा झाली आहे. पण अ‍ॅपवर दोन-तीन आवृत्त्या दिसतायत. कुठली लावू? आणि मावशींसारखी धावत येणार नाही अशी सुरुवात कुठून करू?

---

दादर_रेकॉर्डिस्ट

आधी मूळ १९९३ ची लावा. '२०१३ मिक्स' असं लिहिलेली नंतर. ते अल्बिनीनेच वीस वर्षांनी नव्याने केलंय, बँडमधले उरलेले दोघे आणि दौऱ्यात दुसरी गिटार वाजवणारा पॅट स्मिअर सोबत बसलेले. काही ठिकाणी वेगळे टेक आणि जास्त मोकळी जागा ऐकू येते, पण ओळख मूळचीच करून घ्या. वीस वर्षांच्या आवृत्तीत अल्बिनीची 'हार्ट-शेप्ड बॉक्स' आणि 'ऑल अपॉलॉजीज'ची १९९३ ची मूळ मिक्सही आहेत. दोन्ही एकापाठोपाठ लावा, म्हणजे जुना_रॉकर यांची तर्री किती कमी झाली ते स्वतःच ठरवता येईल.

सुरुवात 'डम'पासून. मग 'पेनीरॉयल टी', मग 'सर्व्ह द सर्व्हंट्स'. 'सेंटलेस' आणि 'मिल्क इट' शनिवारी, घरात कुणी नसताना. फोनच्या स्पीकरवर नको, ड्रम्स सगळे डब्यासारखे वाजतील.

---

गवती_चहा

'डम' ऐकलं. हे तर चक्क गोड आहे! आता 'सर्व्ह द सर्व्हंट्स' लावतेय, सासूबाई देवळात गेल्या आहेत.

---

मावशी_ठाणेकर

मिक्सरमधला चमचा आधी काढून ठेव गं.